पाहुणीचं विमान आणि पुरिंगचा नवस

दोन्ही बाजूंना बांबूचे लांब हात पसरून वाळूत टेकलेली जी दिसतेय ना, ती मी. आमच्याकडे मला बांका म्हणतात, पण तुम्ही नुसतं होडी म्हणालात तरी मी ओ देईन. माझ्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, निळ्या रंगात 'ग्रासिया' असं लिहिलंय. ग्रासिया म्हणजे कृपा. नावाचं शेवटचं अक्षर जरा खाली घसरलंय. ते रंगवत असताना मानोंग सेलोला घरातून जेवणाची हाक आली, आणि जेवणाची हाक आली की आमच्या बेटावर हातातलं काम पुरं करत कुणी बसत नाही.

मानोंग म्हणजे थोरला भाऊ आणि मानांग म्हणजे थोरली बहीण. इथे आलात तर मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारू नका. नावाआधी एवढा एक शब्द लावलात की अनोळखी माणूसही तुमची पिशवी उचलायला पुढे येईल.

फिलिपिन्सच्या नकाशात आमचं बेट शोधायला गेलात तर कागदावर माशी बसलीय असं वाटून तुम्ही ते झटकाल. पण त्याच माशीएवढ्या जागेत नारळाची झाडं आहेत, गाव आहे, शाळा आहे, आणि गावासमोर मी आहे.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका बदामाच्या झाडाखाली झाला. बेटावरच्या म्हाताऱ्या सुताराने लावान लाकडाचं माझं अंग घडवलं आणि दोन्हीकडे बांबूच्या उलांड्या बांधल्या. या उलांड्यांच्या आधारानेच मी लाटेवर तोल सांभाळते. पाण्यात लोटायच्या दिवशी मानोंग सेलोने रिवाजाप्रमाणे माझ्या नाळेला कोंबड्याचं रक्त लावलं. मग फादर आले आणि त्यांनी पवित्र पाणी शिंपडलं. सेलोची बायको मानांग पुरिंग तेवढ्यावर थांबली नाही. तिने समुद्रावरच्यांना जपणाऱ्या कार्मेलमातेचा तपकिरी कापडाचा ताईत इंजिनाच्या खोक्याला आतून बांधला.

"एवढं सगळं कशाला?" सेलो म्हणाला.

"समुद्र मोठा आहे," पुरिंग म्हणाली. "सगळ्यांना सांगून ठेवलेलं बरं."

मला पुरिंग तेव्हापासून आवडते. ती रोज सकाळी चुलीवर भात ठेवून किनाऱ्यावर येते, माझ्या कडेवर हात ठेवते आणि ओठातल्या ओठात काहीतरी म्हणते. ते मला म्हणते की कार्मेलमातेला, हे मी कधी विचारलं नाही.

सुरुवातीची वर्षं मी मासेमारी केली. एका पावसाळ्यात मात्र खोल समुद्रात माझं इंजिन बंद पडलं आणि नैऋत्येचा वारा सुटला. किनारा दिसेनासा झाला. सेलोने नायलॉनच्या दोरीने स्वतःला माझ्या मधल्या फळीला बांधून घेतलं. माझी एक उलांडी फुटली, मी एका अंगावर कलले, तरी दोरी सुटली नाही आणि मीही त्याला सोडलं नाही. इकडे गावात लोक पुरिंगच्या दारात दबक्या आवाजात बोलायला लागले होते. तिने कुणाचं ऐकलं नाही. समोरच्या छोट्या बेटावर कार्मेलमातेचं चर्च आहे, त्या दिशेला तोंड करून ती वाळूत गुडघ्यांवर बसली आणि नवस बोलली: "माउली, त्याला आण आणि त्याची होडीही आण. दर वर्षी तुझ्या सणाला मी त्या दोघांना घेऊन तुझ्या पायाशी येईन. एकटी येणार नाही."

दुसऱ्या बेटाच्या मच्छीमारांनी आम्हाला ओढत आणलं. तेव्हापासून दर जुलैत, सणाच्या पहाटे, पुरिंग तपकिरी झगा घालते, कमरेला दोर बांधते, सेलोला पुढे घालून माझ्यात बसते आणि आम्ही तिघं समोरच्या बेटावर जातो. चर्चच्या दारापासून मूर्तीपर्यंत ती गुडघ्यांवर चालत जाते. सेलो तिच्या मागे. मी खाली किनाऱ्याला नाळ टेकवून उभी. फादर परतताना माझ्यावरही चार थेंब शिंपडतात. आजारपण आलं, वारा आला, एकदा तर घराचं छप्पर उडालं, पण हे कधी चुकलं नाही.

पुढे मासे कमी झाले आणि पाहुणे वाढले. सेलोने माझ्यावर ताडपत्रीचं छप्पर घातलं, बसायला फळ्या ठोकल्या, आणि पुरिंगने घरातली एक खोली पाहुण्यांसाठी रिकामी केली. तेव्हापासून मी किती देशांची माणसं पाहिली. म्हणून तुम्हाला हक्काने थोडं सांगते.

यायचंच तर डिसेंबर ते मे या महिन्यांत या. तेव्हा आमचं पाणी ताटात ओतल्यासारखं शांत असतं. जून लागला की वारा फिरतो. तेव्हाही सकाळी सकाळी जाता येतं, पण ऊन चढल्यावर होडी चालवणारा तांडेल 'आता नको' म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका. वादळाची सूचना असली तर बंदरावरचे लोक आम्हाला सोडतच नाहीत, आणि ते बरंच आहे. माझ्यापर्यंत यायला गुडघाभर पाण्यातून चालावं लागतं, तेव्हा बूट नकोत, सपाता घाला. कागदपत्रं आणि फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा, कारण मी कितीही जपून चालले तरी लाट माझं ऐकत नाही. कृपा करून उलांडीवर उभं राहून फोटो काढू नका. आणि पाण्याखालच्या पोवळ्यांवर पाय देऊ नका, ती दगडासारखी दिसतात पण जिवंत असतात.

बेटावर बँक नाही. सुट्ट्या नोटा घेऊन या, नाहीतर तुमच्या एका मोठ्या नोटेसाठी सेलो गावभर सुट्टे शोधत हिंडेल आणि वर तुमचीच माफी मागेल. वीज संध्याकाळी येते आणि झोपेच्या वेळेला जाते. चर्चमध्ये जाताना खांदे झाकलेले असावेत. वाट विचारलीत तर आमची माणसं बोटाने दाखवणार नाहीत, ओठांचा चंबू करून त्या दिशेला दाखवतील; तिकडे जा. तुम्ही काही विचारलं आणि समोरच्याने नुसत्या भुवया उंचावल्या, तर त्याला कळलं नाही असं समजू नका. त्याने 'हो' म्हटलंय.

आता 'नाही'चं सांगते, कारण सगळी गोष्ट तिथेच आहे.

एका जुलैत डेन्मार्कहून इंगर नावाची बाई आली. साठीची, उंच, उन्हाने नाक लाल झालेली, एकटीच. गावात फिरायला निघाली तर तिया बासिंग अंगणात जेवत होती. तिया म्हणजे मावशी. बासिंग सगळ्या गावाचीच मावशी आहे, आणि त्या वर्षी सणाचं यजमानपण तिच्याकडे होतं. आमच्याकडे जेवत असलेला माणूस रस्त्याने जाणाऱ्याला 'या जेवायला' म्हणतोच. पहिल्या हाकेला 'आत्ताच झालं' म्हणायचं असतं, पुन्हा हाक आली की बसायचं. इंगरला हे कुणी सांगितलं नव्हतं. ती पहिल्याच हाकेला आनंदाने बसली आणि बासिंगच्या वाटणीचा मासा जेवली.

"बाई गुणी आहे," बासिंग नंतर पुरिंगला सांगत होती. "मागून भातसुद्धा घेतला. फक्त माशाचं डोकं तेवढं ठेवलं गं. सगळ्यात चांगलं तेच."

"मग तू काय जेवलीस?"

"डोकं. दुसरं काय राहिलं होतं?"

इंगर आठवडाभर राहिली आणि साऱ्या गल्लीची झाली. पुरिंगबरोबर तांदूळ निवडायची, म्हाताऱ्यांना मान म्हणून त्यांचा हात हातात घेऊन कपाळाला लावायला शिकली. तिची मुलगी तिकडे पहिलटकरीण होती. दिवस जवळ आले होते, आणि बाळ यायच्या आत तिला घरी पोचायचं होतं. मुलीला नवरा नव्हता, आई एवढीच होती.

एका संध्याकाळी सेलो माझ्या तळातलं पाणी काढत होता. इंगर येऊन माझ्या कडेवर बसली.

"मानोंग, सोळा तारखेला दुपारी मोठ्या बेटावरून माझं विमान आहे. सकाळी सोडाल का मला?"

सेलोचा हात थांबला. सोळा तारीख म्हणजे कार्मेलमातेचा सण. मोठं बेट पूर्वेला, चर्चचं बेट पश्चिमेला. आणि ऊन चढल्यावर वारा. एका सकाळी एकीकडेच जाता येणार होतं, हे मला कळलं, त्यालाही कळलं.

"बघू या," तो म्हणाला.

आता ऐका. आमच्या माणसाच्या तोंडून पाहुण्याला 'नाही' निघत नाही. समोरच्याचा चेहरा पडलेला त्यांना बघवत नाही. म्हणून ते 'बघू या' म्हणतात, मान तिरकी करतात, हसतात, आणि गावातला माणूस समजून दुसरी सोय बघतो. इंगर कुठे गावातली होती? तिने सेलोचे दोन्ही हात धरले.

"देव तुमचं भलं करो. मी आत्ताच लेकीला कळवते."

ती गेली. सेलो हातात करवंटी घेऊन तसाच बसून राहिला. तेव्हाच तिच्या मागे धावला असता तर ती आदल्या दिवशी दुसऱ्या कुणाच्या होडीने जाऊन मोठ्या बेटावर राहिली असती आणि सगळं सरळ झालं असतं. पण तिने लेकीला कळवलं होतं. आता तोंड उघडायचं म्हणजे दोघींचे चेहरे पाडायचे. घरी पुरिंगने विचारलं, "सणाला पहाटेच निघायचं ना?" तेव्हा त्याने भुवया उंचावल्या.

आणि सणाची पहाट उजाडली. सगळ्या होड्यांना रंगीत पताका लावलेल्या, कुणाच्या होडीत ढोल, कुणाच्या होडीत भाजलेलं डुक्कर केळीच्या पानांत गुंडाळलेलं. पुरिंग तपकिरी झग्यात माझ्याकडे येत होती. दुसऱ्या बाजूने इंगर आली, पाठीवर पिशवी, सपाता हातात. दोघी माझ्या दोन उलांड्यांशी उभ्या राहून एकमेकींकडे बघून हसल्या.

"तूही चर्चला येतेस? छान झालं," पुरिंग म्हणाली.

"चर्चला? मी विमानाला निघालेय. मानोंग सोडतायत ना मला."

पुरिंगने सेलोकडे पाहिलं. सेलोने समुद्राकडे पाहिलं.

"सेलो," पुरिंग शांतपणे म्हणाली, "तू हिला काय म्हणाला होतास?"

"बघू या म्हणालो होतो."

शेजारच्या होडीतून तिया बासिंगने कपाळाला हात लावला. "अरे, डेन्मार्कच्या बाईला 'बघू या'? तिला काय स्वप्न पडणार होतं? माझी होडी रिकामी असती तर मीच नेलं असतं हिला, पण सण माझा, मूर्तीची फुलं माझ्याकडे."

काय झालंय ते इंगरला आता कळलं. पुरिंगचा नवस काय आहे, तो एकटीने का फेडता येत नाही, हे तिने आठवडाभरात ऐकलेलं होतं. तिने पाठीवरची पिशवी वाळूत ठेवली.

"मी नंतर जाईन," ती म्हणाली. "तुमचं वचन देवाला दिलेलं आहे."

पुरिंगचा हात माझ्या कडेवर होता. तिने एकदा पश्चिमेकडे पाहिलं. मग वाकून तिने ती पिशवी उचलली आणि माझ्यात ठेवली.

"कार्मेलमाता संध्याकाळपर्यंत तिथेच आहे," ती म्हणाली. "विमान थांबत नाही आणि बाळही थांबत नाही. बस तू."

"पण मानांग..."

"बस म्हणते ना. मधल्या फळीवर बस, तिथे कमी भिजशील." मग सेलोकडे वळून, "हिला विमानतळाच्या दारापर्यंत पोचव. धक्क्यावर सोडून पळून येऊ नकोस. आणि परत ये."

ती बासिंगच्या होडीत चढली. नवस बोलल्यापासून पहिल्यांदाच ती माझ्याशिवाय त्या बेटाकडे निघाली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

वाटेत इंगर दोन-तीनदा काहीतरी म्हणाली, ते इंजिनाच्या आवाजात विरून गेलं. मोठ्या बेटाच्या धक्क्यावर तो तिच्याबरोबर तीनचाकीतून विमानतळापर्यंत गेला. परतल्यावर त्याने दुसऱ्या एका तांडेलाला सांगितलेलं मी ऐकलं: दारात त्याने तिचा हात कपाळाला लावला, तेव्हा ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि दारावरच्या शिपायाने त्या दोघांना पाणी दिलं.

"कशी जाणार पुरिंग एकटी?" सेलो म्हणाला. "म्हणजे गेली ती. पण माउलीपुढे नेणार कुणाला?"

आम्ही परत फिरलो तेव्हा वारा सुटला होता. पाण्यावर पांढरे तुरे उठत होते. सेलोने घरी थांबायचा विचारही न करता सुकाणू सरळ पश्चिमेला धरलं. मला त्याचं मन कळत होतं. वारा तोंडावर घेऊन चर्चच्या बेटापर्यंत जाणं माझ्याच्याने होणार नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं. माझ्या बांधलेल्या दोऱ्या करकरायला लागल्या. तरी तो जात होता. मी मनात म्हटलं, माउली, याला एवढं तरी आठवू दे की पुरिंगने 'परत ये' म्हटलंय.

आमच्या बेटाचं पूर्वेचं टोक आलं. नैऋत्येचा वारा तिथल्या कड्याला अडतो, त्यामुळे कड्याआड पाणी थोडं निवलेलं असतं. वळसा घातला आणि सेलोने इंजिन एकदम हळू केलं.

कड्याच्या आडोशाला सगळ्या होड्या नांगर टाकून उभ्या होत्या. पताका भिजून बांबूंना चिकटलेल्या. लोक फळ्यांवर दाटीवाटीने बसलेले, पोरं पेंगलेली, ढोलवाल्याने ढोलावर आपला शर्ट पांघरलेला. आणि मधल्या होडीत, मोठ्या छत्रीखाली, प्लॅस्टिकच्या कापडात गुंडाळलेली कार्मेलमाता. मूर्तीचा पाय दोन्ही हातांनी धरून शेजारी पुरिंग बसलेली.

"आलात का, सेलोसाहेब," बासिंग होडीतून ओरडली. "डुक्कर थंड झालं, फादर भुकेने अर्धे झाले, आणि तुम्ही चाललात कुठे एवढ्या घाईने?"

झालं होतं असं. मिस्सा, म्हणजे सणाची प्रार्थना, संपली तरी पुरिंग चर्चच्या दारातच उभी राहिली. आत गेली नाही, गुडघ्यांवर बसली नाही. एकटी येणार नाही असं बोललेली होती ना. बासिंगने फादरना सगळं सांगितलं. मूर्ती सणाच्या दिवशी त्या छोट्या बेटाला होडीतून प्रदक्षिणा घालते आणि पुन्हा चर्चमध्ये जाते, एवढाच रिवाज. बासिंग म्हणाली, आजची प्रदक्षिणा थोडी मोठी घालू. वारा मागून आहे, कड्यापर्यंत सहज जाऊ, सेलो त्याच वाटेने येणार, माउली आज आमच्या गावात मुक्काम करेल, उद्या सकाळी परत. फादरांनी भुवया उंचावल्या. मग सगळं गाव जेवणखाण सोडून इथे येऊन थांबलं. किती वेळ थांबायचं, हे कुणी विचारलं नाही.

सेलोने मला अलगद मूर्तीच्या होडीला लावलं. माझी उलांडी तिच्या उलांडीला घासली. पुरिंग झगा सावरत उलांड्यांवरून माझ्यात आली, येताना कमरेपर्यंत भिजली, आणि माझ्या तळातल्या पाण्यात गुडघे टेकून मधल्या फळीपासून नाळेपर्यंत सरकत आली. सेलो तिच्या मागे.

"माउली," ती म्हणाली, "या वर्षीही दोघांना आणलंय."

फादरांनी पाणी शिंपडलं. समुद्राच्या पाण्यात ते कुठे मिसळलं, कळलं नाही. ढोलवाल्याने शर्ट काढून ढोल वाजवायला सुरुवात केली.

"पुरिंग," सेलो हळूच म्हणाला, "यापुढे मी 'नाही' म्हणायला शिकेन."

"म्हणून दाखव," पुरिंग म्हणाली.

बासिंगच्या कानावर गेलंच. "बरं सेलो, पुढच्या वर्षी सणाचं यजमानपण तू घेतोस का?"

सेलोने मान तिरकी केली, हसला. "बघू या, तिया."

सगळ्या होड्यांमधून हसू फुटलं. इथे कुणाला अर्थ सांगावा लागला नाही. मग कड्याच्या आडोशालाच, होड्या एकमेकींना बांधून, सगळे थंड डुक्कर आणि भात जेवले. फादरना पहिलं ताट.

इंगर वेळेत पोचली. लेकीला मुलगी झाली. तिचं नाव पुरिंगला अजून नीट उच्चारता येत नाही, पण दर सणाला ती त्या नावाने एक मेणबत्ती जास्त लावते. कार्मेलमातेला कळतं, म्हणते.

आता माझं वय झालंय. उलांड्या नव्या बांधल्या, तळाला डांबर लागलं, तरी फळ्या थोड्या कुरकुरतात. सेलो मला लांब नेत नाही, जवळच्या पाण्यात पाहुण्यांना फिरवून आणतो. तुमच्यापैकी कुणी यायचं ठरवलं तर माझं एवढं ऐका. विमानाच्या आदल्या दिवशी मोठ्या बेटावर जाऊन राहा. यायच्या आधी गावातला सण कधी आहे ते विचारा. आणि कुणी हसत 'बघू या' म्हणालं तर जवळ बसून, आवाज न चढवता विचारा, "मानोंग, दुसरी सोय बघू का?" तो हसून भुवया उंचावेल. त्याचं ओझं उतरेल, आणि तुमचंही.

त्या वर्षानंतर मिरवणुकीचा रस्ता बदलला, तो आजही तसाच आहे. दर वर्षी माउली कड्याच्या आडोशाला येते आणि होड्या नांगर टाकून थोडा वेळ उभ्या राहतात. कुणासाठी थांबलोय, असं नवी पोरं विचारतात. यायचं राहिलेलं कुणी असेल म्हणून, असं मोठी माणसं सांगतात आणि भाताची पुडी सोडतात. तुम्ही उशिरा पोचलात तर घाबरू नका. सरळ तिकडेच या, आम्ही थांबलेलो असू.